पुढच्या दाराला विनोद लागतो

अमेरिकेतल्या डी मॉइन शहरात हॅलोवीनच्या आदल्या संध्याकाळी, सहा ते आठ, मुलं सोंगं घेऊन दारोदार फिरतात. आधी विनोद सांगायचा, मगच चॉकलेट मिळतं. व्हर्लिन टीडमनला ही रीत भलतीच पसंत होती. देवाची कृपा कमवावी लागत नाही, ती फुकट मिळते, हे त्याने लूथरन चर्चच्या रविवारच्या वर्गात एकतीस वर्षं शिकवलं होतं. पण चॉकलेट म्हणजे काही कृपा नव्हे, असं त्याचं ठाम मत. शिळा विनोद आला की नवा आठवून ये म्हणून तो मुलाला सरळ परत पाठवायचा.

परत गेलेली मुलं पुन्हा दिसायची नाहीत. चॉकलेटं मात्र दरवर्षी संपायची. त्याने आधी उंदरांवर संशय घेऊन सापळे लावले, मग बायकोवर घेऊन तिला साखरेवर व्याख्यान दिलं. आर्डिस निमूटपणे ऐकून घ्यायची.

यंदा मार्चमध्ये आर्डिस गेली. आज कुणीतरी आपल्या दारात यावं, एवढंच त्याला हवं होतं. मोठी चॉकलेटं आणून, टाय बांधून तो पुढच्या दारात खुर्ची टाकून बसला. साडेसात वाजले. मुलं त्याच्याकडे बघून अदबीने हात हलवत आणि पुढे जात. आता शिळ्यातला शिळा विनोदही त्याला चालला असता.

तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार वाजलं. मागच्या पायरीवर पुठ्ठ्याचा हिरवा ट्रॅक्टर उभा होता आणि त्यात कोपऱ्यावरच्या घरातली ट्रुडी.

"पुढून का नाही आलीस?"

"पुढच्या दाराला विनोद लागतो," ती म्हणाली. "आम्ही सगळे इथूनच येतो. मिसेस टीडमन द्यायच्या."

"आणि इथे काय लागतं?"

"काही नाही. नुसतं दार वाजवायचं."

व्हर्लिन स्टुलावर बसला. ज्या गोष्टीवर तो इतकी वर्षं घसा कोरडा करत होता, ती त्याच्याच घरात, सिंकशेजारी, बिनबोभाट चालली होती, आणि हे महाशय उंदीर पकडत होते. त्याला स्वतःचं हसू आलं, आणि आर्डिसची इतकी आठवण आली की चष्मा काढावा लागला.

ट्रुडीच्या हातात चॉकलेट देऊन तो म्हणाला, "आज विनोद मी सांगतो. एका मास्तराच्या घराला दोन दारं होती..."

तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"हा जुना आहे," ती म्हणाली. "आमच्या गल्लीत सगळ्यांना माहितीये."

तरी तिने आपल्या पिशवीतलं एक चॉकलेट काढून त्याच्या हातावर ठेवलं.