डाव्या कापाचा बोरू

सिंगापुरात चोआ चू कांगच्या फ्लॅटमध्ये दमयंतीने संग्रहालय थाटलंय ते बॉम्ब शेल्टरमध्ये, इथल्या घरांत असते त्या जाड भिंतींच्या छोट्या खोलीत. बाकीचे लोक तिथे सायकली आणि तांदळाच्या पिशव्या ठेवतात. हिने पणजोबा ठेवले. त्यांनी एकोणिसाव्या शतकात संगीत नाटकं लिहिली. त्यांची दौत, चाळशी, तीन हस्तलिखितं आणि बोरू. आठवडाभर ऑफिसात राबणारी ही बाई रविवारी पांढरे हातमोजे चढवते, लोखंडी दार उघडते, आणि चार विद्यार्थी आले तरी हाउसफुल्लचा बोर्ड लागल्यासारखी खुलते.

बोरूपाशी तिचा आवाज हमखास चढतो. "बघा, टोकाचा काप उलटा आहे. पणजोबा डावखुरे होते." मग तिची नऊ वर्षांची अवनी दिमाखात डावा हात वर करते. वर्गात कुणी चिडवलं तर तिचं उत्तर ठरलेलं: "माय ग्रेट-ग्रेट-ग्रँडफादर ऑल्सो लेफ्टी, लाह."

मी, तिच्या वडिलांच्या ओळखीचा जुना नट, स्टुलावर बसून टाळ्या वाजवायचो आणि मान खाली घालायचो.

चाळीस वर्षांपूर्वी पुण्यात एका नाटकात मी या पणजोबांची भूमिका करत होतो. दमयंतीच्या वडिलांनी खरा बोरू विश्वासाने दिला होता. तिसऱ्या अंकात आवेशात तो मी भिरकावला. टाळी कडाडून आली, बोरू दुभंगला. दुसऱ्या सकाळी नवा तासला, शाई मुरवून जुना केला, नेऊन दिला. त्यांनी तो कपाळाला लावला. पण मी डावखुरा. काप माझ्या हाताचा पडला.

गेल्या महिन्यात अवनीने शाळेत या बोरूवर बोलायचं ठरलं. माझं खोटं आता त्या पोरीच्या तोंडून बाहेर पडणार होतं. मी दमयंतीला सगळं सांगितलं. "पणजोबांचं मला ठाऊक नाही गं. डावखुरा मी."

तिने एकेका बोटावरून हातमोजा उतरवला. "खऱ्याचे तुकडे कुठे आहेत, काका?"

"टाकले."

"तुकडे दिले असतेत, तर बाबांनी तेही जपले असते."

तिने अवनीला हाक मारली. "हिला तुम्हीच सांगा."

मी सांगितलं. पोर आपल्या हाताकडे बघत राहिली. मग तिने भाषणाचा कागद आणला आणि डाव्या हाताने पणजोबा डावखुरे असल्याची ओळ खोडायला लागली. कागद सरकत होता. मी तो धरून बसलो.