भाईच्या पँटची थैली

हे ऐकायच्या आधी चहाचा कप खाली ठेवा, नाहीतर अंगावर सांडून घ्याल. पाचवीत शाळा सोडलेला आणि डोकं घरी ठेवून निघालेला माणूस काय करू शकतो, ते सांगतो.

बोंडअळीचं वर्ष. आमच्या पांढरकवड्यात जिनिंगला लवकर कुलूप लागलं, आणि त्याच हंगामात कापसाच्या गाठी घेऊन निघालेला माझा ड्रायव्हर भाई अपघातात ट्रकसकट गेला. त्याच्यामागची ही पहिली रमजान ईद.

फितरा म्हणजे काय, माहीत आहे ना? ईदच्या नमाजेआधी घरातल्या माणशी एक माप गहू गरिबाला द्यायचा. पाळण्यातल्या लेकराचाही. नमाज झाली की मुदत संपली. मग तो फितरा नाही, साधं दान. दरवर्षी भाई द्यायचा. कोणाला, ते त्यानं घरात कधी सांगितलं नाही.

अम्मीनं मापं टाकली. तिचं, भाभीचं, भाभीच्या लेकराचं, माझं.

"भाईचं?" मी विचारलं.

"गेलेल्या माणसाचा फितरा नसते, बेटा."

"असते! टाक म्हणतो ना!"

अम्मीनं माप भरलं आणि टाकलं. थैली तिनंच भाईच्या जुन्या खाकी पँटची शिवलेली. ती खांद्यावर मारली आणि मी निघालो. कुठे? तो विचार केलाच नव्हता. आमच्या घरात विचार करायचं काम भाईकडे होतं.

पहिलं दार जमीला खालाचं. पत्र्याचं घर, नवरा कायम खाटेवर. मी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडलो, "खाला, फितरा!"

खाला बाहेर आली. माझ्याकडं पाहिलं, थैलीकडं पाहिलं, आणि डोळ्याला पदर लावला. आत गेली, सूपभर गहू आणला आणि माझ्या थैलीत ओतला!

"खाला, मी मागून नाही राह्यलो! देऊन राह्यलो!"

"लाजू नको रे. घरचा कमावता पोरगा गेला, आमाले काय समजत नाही?"

आता तुम्हीच सांगा. ईदची सकाळ, खांद्यावर थैली, दारोदार फिरणं आणि तोंडात 'फितरा'. असा माणूस देणारा दिसतो की मागणारा?

पण हे डोक्यात शिरायला डोकं लागतं. मी पुढच्या दारात. शब्बीर रिक्षावाला.

"शब्बीरभाई, हा फितरा घ्या."

"मले? मी भिकारी हाओ काय? कोनं सांगतलं तुले?"

आतून त्यांची बायको म्हणाली, "त्याच्यावर कायले खेकसता? दुखानं डोकं फिरलं पोराचं." आणि बाहेर येऊन तिनंही पायली ओतली.

बातमी माझ्यापुढे पळत होती. तिसऱ्या दारात तर माप भरून वाटच पाहत होते. नको म्हणालो तर, "किती मानी पोरगा!" आणि वर एक मूठ जास्त. एका भाभीनं शेवयांचं पुडकंही कोंबलं. मी पळालो, तर मागून आवाज, "अरे पयतं कायले? गहू तं घेऊन जाय!"

तेवढ्यात ईदगाहच्या भोंग्यावरून पुकारा झाला. नमाज उभी राहायला थोडाच वेळ. भाईचं माप थैलीत खाली दबलेलं, वर अख्खा मोहल्ला! भाईसाठी करण्यासारखं माझ्याकडं एवढं एकच उरलं होतं, आणि तेही हुकत होतं.

ईदगाहच्या रस्त्यावर करीम चाचा पिंजारी राहायचे. फोमच्या गाद्या आल्या, त्यांचा कापूस पिंजायचा धंदा बसला; मागोमाग गुडघे बसले. चाचा उंबऱ्यावर होते. 'फितरा' म्हणायची आता माझी छाती नव्हती. तो शब्द काढला की थैली जड व्हायची!

"चाचा, लय जड झाली. ठेवून घ्या, नमाज पढून येतो."

आणि मनातल्या मनात नियत केली, देण्याचा संकल्प. या अल्लाह, भाईचा फितरा पोचला.

चाचांनी थैलीवरून हात फिरवला. "ठेव बेटा, ठेव."

काय ही अक्कल! मीच मला मनातून शाबासकी दिली. नमाज झाली, गळाभेटी सुरू झाल्या. भाईचा ड्रायव्हर दोस्त गळ्यात पडला. अत्तराखालून डिझेलचा वास आला, आणि मला थैली आठवली. भाईची पँट! बाकीचे सगळे कपडे अम्मीनं वाटून टाकले होते. मी चपला न घालताच धावत सुटलो.

"चाचा, माही थैली..."

चाचा बोळकं उघडून असे हसले!

"अरे येड्या! तुहा भाई दर ईदेले हेच सांगे. 'चाचा, ठेवा, नमाज पढून येतो.' अन् कधी वापस नाही आला. तू काहून आला?"

कसंबसं म्हणालो, "गहू राहू द्या चाचा. नुसती पँट द्या."

चाचांनी गहू कोठीत ओतला, थैली झटकली, घडी घालून माझ्या हातात दिली. ती छातीशी धरून, रडत, अनवाणी मी त्यांच्या दारातून बाहेर पडलो. समोरून ईदगाहची अख्खी गर्दी घरी परतत होती. सगळ्यात पुढे शब्बीरभाई. त्यांनी मला पाहिलं, चाचांचं दार पाहिलं, कपाळावर हात मारला आणि ओरडले,

"अरे, करीम चाचालेही नाही सोडलं तुनं?"