न्याम्होनेने न गाळलेलं पान

उसिपा वाळत घातली की राखायला कुणीतरी बसावंच लागतं, नाहीतर बोटाएवढी ती मासळी कावळे बघता बघता फस्त करतात. न्याम्होने त्याच वेळात वाचायची. हातात काठी, मांडीवर पवित्र शास्त्र. अक्षरओळख झाली तीच मुळी नातवंडं झाल्यावर, त्यामुळे मनातल्या मनात वाचणं तिला कधी जमलंच नाही. रोज एक अध्याय, ओळीनं, खणखणीत आवाजात. लांबलचक वंशावळ्या आल्या तेव्हा शेजारच्या बायकांनी हात जोडले, तरी बाईनं एक नाव गाळलं नाही.

वाचता वाचता ती संदेष्ट्यांच्या पुस्तकांपर्यंत पोचली आणि चिउमियाला घाम फुटला. हा होडीचा मालक, शिवाय चर्चच्या वडीलमंडळींतला. त्या किनाऱ्यावर बायकांना मासळी मिळायची ती त्याच्याच बादलीनं मोजून, आणि बादलीचा तळ त्यानं खालून ठोकून वर आणलेला. सगळ्यांना ठाऊक होतं, पण बोलणार कोण?

"न्याम्होने, किती दिवस त्या रागीट माणसांचं ऐकवतेस?" तो तिच्या वाळवणाच्या मांडवापाशी येऊन म्हणाला. "आज एखादं स्तोत्र वाच की. बायकांना जरा बरं वाटेल."

"पुढं काय आहे ते मालकांना पाठ दिसतंय."

पाठ होतंच. माप लहान करून गरिबाला लुबाडणाऱ्यांवर संदेष्ट्यानं तिथं आग पाखडली होती.

"फार शहाणी झालीस. ते पान वाचलंस तर उद्यापासून माझ्या होडीकडं फिरकायचं नाही."

न्याम्होने घाबरली. खोटं कशाला सांगा, चांगलीच घाबरली. दुसरी होडी नव्हती, आणि मासळी नसली की घरी पोरं कसाव्याच्या पिठाच्या कोरड्या गोळ्याकडं बघून तोंड वाकडं करायची. एका पानानं देव काही रुसला नसता. तिचा अंगठा पानाच्या कोपऱ्यावर गेलाही.

मग तिनं तो उचलला. "मालक, आज तुमच्यासाठी गाळलं, तर उद्या मी माझ्यासाठी गाळीन. मला झोंबणारी पानं काय कमी आहेत यात?"

आणि वाचलं. नेहमीच्याच चढ्या आवाजात.

दुसऱ्या पहाटे चिउमियानं तिची पाटी लाथेनं बाजूला सारली. पण रांगेतली पुढची बाई, न्यालोंग्वे, बादली समोर आल्यावर थांबली. तिनं पहिल्यांदाच आत हात घालून तळ चाचपला. तिच्या मागच्या बाईनंही चाचपला.

न्याम्होने रिकाम्या मांडवापाशी जाऊन बसली आणि शास्त्र उघडलं.

"आता राखतेस काय गं?" चिउमिया लांबूनच ओरडला. "वारा?"

"वाचन राखतेय, मालक," ती म्हणाली. "त्यालाही कावळे टपलेत." आणि तिनं पुढचा अध्याय लावला.