गोजरबाईनं चोराला लाइनवर धरलं

फोनवर आलेला ओटीपी तुम्ही आजवर किती परक्या माणसांना वाचून दाखवलाय? 'एकालाही नाही' म्हणत असाल, तर गोजरबाईला हसायच्या आधी स्वतःचा अंगठा बघा. त्यावर रेषा आहेत. तिच्या अंगठ्यावर नाहीत.

कुंभारीची गोजरबाई बाराव्या वर्षापासून विड्या वळते. आता पंचावन्नची आहे. पान दुमडून, दोरा आवळून अंगठा गोट्यासारखा गुळगुळीत झालाय. रेशन दुकानातलं मशीन तिला ओळखतच नाही. मग दुकानदार म्हणतो, "मावशी, नंबर आला असंल, वाचा." ती चष्मा लावून आकडे वाचते, तेव्हा कुठं तांदूळ मिळतो. वर्षानुवर्षं हेच. नंबर वाचला की हक्काचं पदरात पडतं, हे तिच्या अंगात मुरलंय.

मेसेज आला शहरातल्या एका मोठ्या सुपरमार्केटच्या नावानं. वर्धापनदिनाचं किराणा किट फुकट, नाव-नंबर भरा. तिनं भरला. लगेच फोन. गोड आवाज. "मावशी, किट निघालंय. आलेला नंबर सांगता का?" तिनं सांगितला. नीट ऐकू जावा म्हणून दोनदा.

तो नंबर किटचा नव्हता, तिच्या व्हॉट्सअ‍ॅपचा ओटीपी होता. पाच मिनिटांत तिचं व्हॉट्सअ‍ॅप त्या हरामखोराच्या हातात. विडीवाल्या साठ बायांचा ग्रुप गोजरबाई चालवते. कारखान्यात पान कधी येणार, रेशन कधी सुटणार, एवढंच टाकते. फुलं नाहीत, सुविचार नाहीत. म्हणून तिचा शब्द पक्का. त्या ग्रुपवर तिच्या नावानं, तिच्या फोटोनिशी मेसेज पडला : मला किट मिळालं, आज शेवटचा दिवस. खाली लिंक. शेजारच्या बसम्मानं लिंक उघडली, डिलिव्हरीसाठी म्हणून कार्डाचे आकडे भरले, ओटीपीही भरला. पोरीच्या नर्सिंगच्या फीसाठी ठेवलेलं खातं धुऊन निघालं.

मी या बायांच्या संघटनेचं काम करते. कळल्याबरोबर १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावून तक्रार नोंदवली आणि मग गोजरबाईवर तापले. "एवढी शहाणी तू, आणि नंबर वाचलास?"

तिनं अंगठा माझ्या नाकासमोर धरला. "हितं काय दिसतंय का तुला? नंबर वाचायची सवय मला दुकानात लागली. त्या भाड्यानं आयती वापरली."



दुसऱ्या दिवशी कारखान्यात विड्या द्यायच्या रांगेत बसम्मा सगळ्यांसमोर बोलली, "काय गोजरक्का, माझ्या पोरीच्या फीचं किट तुझ्या घरी पोचलं व्हय?" कुणी हसलं नाही. रांगेत गोजरबाईच्या मागंपुढं जागा मोकळी झाली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

ती रडली नाही. घरी येऊन मला म्हणाली, "पूनम, मला त्यो माणूस पायजे."

तिचं व्हॉट्सअ‍ॅप आम्ही परत मिळवलं आणि वाट बघत बसलो. तीन आठवड्यांनी दुसऱ्या सुपरमार्केटच्या नावानं तसलाच मेसेज आला. गोजरबाई फोन घेऊन थेट त्या दुकानात. मॅनेजर म्हणाला, "मावशी, असलं किट आम्ही देतच नाही."

"तोंडी नको. लिहून द्या. शिक्का मारा." घेऊनच आली. तो कागद पहिला ग्रुपवर गेला.

मग तिनं लिंक न उघडता मेसेजमधल्या नंबरवर फोन केला. फोन स्पीकरवर, मांडीवर तंबाखूचं सूप, हातात पान. आवाज तोच, गोड! मी माझ्या फोनवर रेकॉर्डिंग लावलं.

"मावशी, नंबर सांगा."

"थांब रं बाळा, चष्मा शोधते." दहा विड्या झाल्या. "हां, चार… न्हाय, सात हाय वाटतं."

तिनं नवऱ्याच्या जुन्या विडी कामगार कार्डाचा नंबर वाचला. मग उलटा वाचला. मग मधूनच म्हणाली, "जेवलास का?" चाळीस मिनिटं! शेवटी चिडून तो ओरडला, "राहू दे नंबर, म्हातारे! डिलिव्हरीचे पैसे या यूपीआयवर टाक." आणि आयडी घडाघडा बोलला.

मी लिहून घेतला. गोजरबाईनं सूप खाली ठेवलं. "माझा अंगठा झिजलाय, आवाज न्हाय झिजला. तुझा आवाज, तुझा नंबर, तुझा आयडी, सगळं आता पोलिसांकडं. किट तिकडंच घे."

फोन कट.

त्याच दुपारी आम्ही सायबर पोलिसांकडे सगळं दिलं. तो नंबर बंद झाला. पहिल्या दिवशीच्या तक्रारीमुळे बसम्माचे निम्मे पैसे बँकेत अडकवता आले होते, बाकीचे गेले. तो अजून मोकळा आहे, आणि हे लिहिताना माझी मूठ वळलेलीच आहे.

परवा बसम्मानं ग्रुपवर सगळ्यांसमोर एक मेसेज टाकला. कुठल्याशा सुपरमार्केटची लकी ड्रॉची लिंक, आणि खाली एक ओळ : 'अक्का, मी उघडली न्हाय. आधी तू बघ की.' गोजरबाईनं ती ओळ मला तीनदा दाखवली.

आता तुमचं काम. असला मेसेज आला तर लिंक उघडू नका, फोनवरून ओटीपी कुणालाच सांगू नका. पण मेसेज पुसूही नका. स्क्रीनशॉट काढा, 'संचार साथी' या सरकारी पोर्टलच्या 'चक्षू'वर नंबर कळवा, पैसे गेले असतील तर त्याच मिनिटाला १९३० लावा. लाजून घरात बसू नका, त्यानं चोर पोसला जातो. आम्हाला तो गजाआड हवाय. तुमच्या फोनमधला त्याचा नंबर आजच कळवा.