नाव घेणारा

मी मोबाइल दुरुस्त करतो. नागपूरच्या धंतोलीत दवाखान्यांची जी गल्ली आहे, तिथं एका जिन्याखाली माझं दुकान आहे. उभं राहिलं की डोकं पायरीला लागतं, म्हणून अकरा वर्षं मी बसूनच गिऱ्हाइकांशी बोलतो. माझं नाव धम्मदीप, पण गल्लीत सगळे "ओ मोबाइलवाले" म्हणतात. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. नाव या गोष्टीचा मी विचारच केला नव्हता. तो करायला लावला समोरच्या नर्सिंग होममधल्या एका मावशीनं. आणि तिचं मी काय केलं, ते कोणाला तरी सांगून टाकायचं आहे.

त्या नर्सिंग होममध्ये आकाशी साडीतल्या सहा-सात बायका आहेत. पेशंटला उठवायचं, बसवायचं, भांडं द्यायचं, चादरी बदलायच्या, हे त्यांचं काम. त्या सगळ्या मावशी. डॉक्टर मावशी म्हणतात, नर्सा म्हणतात, कालच भरती झालेला पंच्याहत्तरीचा म्हाताराही म्हणतो. एकीला हाक मारली की तिघी वळतात. मीही सगळ्यांना मावशीच म्हणायचो.

ही त्यांच्यातली एक. पन्नाशीला टेकलेली, काटक, दिघोरीहून बसनं येणारी. नवरा करोनात गेला होता. घरी मुलगा ऋषी आणि सून. ऋषीनं नवीन फोन घेतल्यावर जुना हिच्याकडे आला, आणि त्याची चार्जिंगची पिन ढिली झाली म्हणून तो माझ्याकडे आला. पिन बदलून मी फोन चालू केला, तर पडद्यावर कोट घातलेला एक गोरागोमटा तरुण उभा. खाली हिंदीत लिहिलं होतं, "रुक जाओ, सुभद्रा."

मला हसू आवरेना. "मावशी, हे काय चालू आहे?"

"गेम आहे गा," ती म्हणाली आणि फोन ओढायला लागली. "फुकट आहे."

फुकट म्हणजे कसं फुकट, ते मला माहीत होतं. प्रेमाची गोष्ट असते, चित्रं बदलतात, खाली संवाद येतात आणि मधूनमधून तुम्हाला उत्तर निवडायला सांगतात. दिवसाला दोन भाग फुकट, तिसऱ्यासाठी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबा. ह्या गोष्टीतला विहान चौदा हॉटेलांचा मालक होता. तरी त्याला कामधंदा काही दिसेना. सारखा बाईच्या मागे जिने उतरत असायचा. मी तिची भरपूर थट्टा केली. तीही हसली, पण मग दुकानाच्या पायरीवर बसून तिनं मला गेमचा कायदा समजावून सांगितला.

"दोन उत्तरं देते तो. एक हिऱ्याचं, एक फुकटचं. हिऱ्याचं म्हंजे, हो, थांबते. फुकटचं म्हंजे, नाही, मले जायचं आहे."

"मंग तुम्ही कोणतं देता?"

"हिरे विकत घ्या लागते ना. मी फुकटचंच देते. तो थांब म्हणते, मी जाते. वर्ष झालं, जाऊनच राह्यली मी."

"अन् ही सुभद्रा कोण?"

"मी."

तिच्या आधार कार्डाची झेरॉक्स एकदा सिमसाठी माझ्याकडे आली होती. त्यावर मिनल होतं. मी तसं म्हणालो. तेव्हा तिनं जे सांगितलं, ते थोडक्यात असं.

ती खाप्याची, कन्हान नदीच्या काठावरची. वडील रुपराव. आजी गेल्यावर जन्मली म्हणून आजीचंच नाव ठेवलं, सुभद्रा. लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं नवीन नाव लिहिलं. "मी समोरून बसली होती. मले उलटं दिसे. लोकं वाचायच्या आधी मीच उलटं वाचलं, मिनल. सासू म्हणे, सुभद्रा म्हंजे म्हातारीचं नाव वाटते, नागपुरात हसतीन लोकं. बरं, लिवलं तर लिवलं, पण त्यायनं त्या नावानंही कधी हाक मारली नाही. अवं म्हणत. मंग ऋषीची माय झाली. मंग इथं मावशी." माहेरी वडील होते तोवर सुभे म्हणायचे, त्यांच्यामागे मोठा भाऊ गोपाळ म्हणायचा. नवरा गेला त्याच महिन्यात गोपाळही गेला. "मंग नाव घेणारं कोणी राह्यलंच नाही. हा गेम चुकून डाउनलोड झाला, भाऊ. जाहिरातीवर बोट पडलं. उघडला तर पहिलेच इचारलं, आपका नाम? मले जिंदगीत कोणी पहिल्यांदा इचारलं का बाई, तुझं नाव काय लिहू."

आमच्या लग्नांत तांदळात नाव लिहायची पद्धत नाही. माझी बायको लग्नाआधी नंदिनी होती, अजूनही नंदिनीच आहे. मी तिला हे सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "नशीबवान आहे बाई मी."

तेव्हापासून दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती माझ्या पायरीवर बसायची. डब्यातली भाकर खायची आणि विहानचे दोन भाग वाचायची. ओठ हलवत वाचायची. नाव आलं की जरा मोठ्यानं. संक्रांतीला सगळ्या मावशा तिळगूळ वाटत आल्या, तेव्हा मी तिला चिडवलं, "घ्या ना मावशी, नाव घ्या. आता तर हॉटेलवाला आहे." बाकीच्यांना कळलं नाही कोणाबद्दल आहे ते. तिनं पदर तोंडाला लावला, आणि खरंच उखाणा घेतला.

"खाप्याच्या घाटावर कन्हानचं पाणी, विहानचं नाव घेते, ऐकलं नाही कोणी."

सगळ्या हसल्या. मीही हसलो. लग्न झाल्यापासून बाई दुसऱ्याचं नाव घेत आलेली असते, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

गोष्टीच्या शेवटी लग्न होतं. पुढच्या भागाची झलक दाखवतात, त्यात तिनं ते पाहिलं होतं. मांडवात विहान सगळ्यांसमोर म्हणणार, मी सुभद्राला पत्नी म्हणून स्वीकारतो. "पुरं नाव घेते तो," ती मला म्हणाली. "अन् बदलवत नाही. लग्न लागल्यावरही सुभद्राच राह्यते." तो भाग मात्र फुकट नव्हता. त्याला सहाशे हिरे लागायचे. फुकटचं उत्तर दिलं तर ती मांडवातून निघून जायची आणि गोष्ट संपायची.

पैसे टाकून हिरे घ्यायला ती तयार नव्हती. दुसरा रस्ता म्हणजे जाहिराती बघायच्या. एका जाहिरातीला दोन हिरे मिळायचे, आणि तेही गेमच्या मर्जीनं; कधी दोन जाहिराती यायच्या, कधी चार-चार दिवस एकही नाही. पुढचं सारं वर्ष ती पायरीवर बसून रमीच्या, कर्जाच्या, केसाच्या तेलाच्या जाहिराती बघत होती. गोष्ट तिथंच थांबवून ठेवली होती, मांडवाच्या दाराशी. अधूनमधून नुसतं उघडून बघायची, तो उभा आहे ना. मला तिची कीव यायची आणि रागही यायचा. एका चित्रासाठी माणूस एवढं करतं? आता म्हणतो, करतं. ज्याला दुसरं कोणी नाही ते करतं.

गेमच्या कोपऱ्यात "गेस्ट" असं लिहिलेलं मी पाहिलं होतं. म्हणजे तिचं सगळं त्या फोनमध्येच होतं, दुसरीकडे कुठंही नोंद नव्हती.

"मावशी, हे मेल आयडीशी जोडा लागते. फोन गेला तर सगळं जाईन."

"मले काय समजते त्याच्यातलं? तू करून दे ना गा."

"उद्या करून देतो."

पाच मिनिटांचं काम होतं. तीनदा तिनं म्हटलं आणि तीनदा मी उद्या म्हणालो.

दिवाळीच्या आठवडाभर आधी ती सकाळी ड्युटीच्या आधीच आली. फोन कंपनीच्या नावावर अडकला होता. नाव यायचं, जायचं, पुन्हा यायचं.

"भाऊ, बाकी काही गेलं तरी चालते. फोटो ऋषीजवळ आहेत. गेम तेवढा मिटवू नको. पाच-सहा जाहिराती राह्यल्या फक्त."

"हाओ, ठेवा, ठेवा," मी म्हणालो. समोर चार माणसं उभी होती.

अशा फोनला दोन उपाय असतात. एकात आतलं काही न पुसता सॉफ्टवेअर पुन्हा चढवायचं. त्यात दुपार जाते आणि जमेलच असं नाही. दुसऱ्यात दोन बटणं एकत्र दाबायची, सगळं पुसलं जातं, दहा मिनिटांत फोन नवा. त्या दिवशी स्क्रीनगार्डवरून एका गिऱ्हाइकानं माझं डोकं खाल्लं होतं. मी चिडलेलो होतो. मी दोन बटणं दाबली. विसरलो होतो असं मी नंतर नंदिनीला सांगितलं, पण ते खोटं आहे. मला आठवत होतं. गेमच तर आहे, पुन्हा डाउनलोड करू, असं मी मनाशी म्हणालो आणि दाबली.

दुपारी ती आली तेव्हा मी गेम टाकून ठेवला होता, जणू फार मोठं काम केलं. तिनं उघडला. विहान नव्हता. निळ्या पडद्यावर एक रिकामी चौकट होती आणि वर, "आपका नाम?"

तिनं विचारलं, "हिरे?"

"गेले, मावशी."

"अन् तो?"

"तोही पहिलेपासून. पहिल्या भागापासून वाचा लागन."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मी म्हणालो, माझी चूक आहे, मी माझ्या पैशानं सहाशे हिरे घेऊन देतो. ती नाही म्हणाली. "तुह्या पैशाचं लग्न नाही पाह्यजे मले." मग मी म्हणालो, निदान सुरू तरी करा, हळूहळू येईल परत तिथवर. तिनं बोट उचललं आणि एकेक अक्षर टाकलं. मि. न. ल.

"हे काहून? पहिलंच नाव लिवा ना, मावशी."

"नाही गा. दोन डाव पुसलं ते. एकदा तांदळात, एकदा तुह्या हातून. आता तिसऱ्या डाव कोणाच्या हातात देत नाही मी ते." आणि हे सांगताना आवाज जरासुद्धा वर गेला नाही. फोन पिशवीत टाकला, दुरुस्तीचे पैसे काउंटरवर ठेवले आणि रस्ता ओलांडून गेली. मी पैसे परत घ्या म्हणून हाका मारल्या, मावशी, मावशी. नर्सिंग होमच्या दारात उभ्या दोघी वळून बघायला लागल्या. ती वळली नाही.

मी गेमच्या कंपनीला मेल लिहिला. यंत्रानं लिहिलेलं उत्तर आलं, कृपया आपला खाते क्रमांक द्या. पाहुण्याला क्रमांक कुठून असणार?

ती पायरीवर बसायची बंद झाली. जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या मावशांबरोबर आत बसायची म्हणे. रस्त्यात दिसली तर मान हलवायची. मला वाटलं, जाईल राग. चार महिने मी तसंच वाटून घेतलं.

मार्चमध्ये माझ्या आईला निमोनिया झाला आणि तिला समोरच भरती केलं. दुसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळची खाट. पहिल्या दिवशी संध्याकाळी मी औषधं घेऊन वर आलो, तर कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला ती जाताना दिसली. हातात झाकलेलं भांडं, पाठ माझ्याकडे. तेव्हा माझ्या लक्षात आलं की या गल्लीत ते नाव माहीत असलेला मी एकच माणूस आहे. दोन वर्षांपासून मला ते माहीत होतं, आणि एकदाही त्या नावानं मी तिला हाक मारली नव्हती. फोनमधलं चित्र हाक मारायचं, आणि मी त्याच्यावर हसायचो.

मी हाक मारली. "सुभद्राताई!"

ती चालत राहिली.

मी पुन्हा मारली, मोठ्यानं. खाटांवरचे पेशंट माझ्याकडे बघायला लागले. तिनं ऐकलं नाही, की ऐकून सोडून दिलं, की ते नाव आपलं आहे हे तिच्या कानाला आता वाटतच नव्हतं, मला खरंच सांगता येणार नाही. तेवढ्यात टेबलावरची नर्स लिहिता लिहिता मान वर न करता म्हणाली, "मावशी, बारा नंबर."

ती लगेच वळली. मला बघून थांबली. "तुही माय आहे काय बारा नंबरले? काळजी नको करू, मी आहे रातपर्यंत." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "काय म्हणत होता गा? आवाज देत होता काय कोणाले?"

"काही नाही, मावशी," मी म्हणालो.