‘गैरसमजातून घडला’ या कागदावर मी सही केली नाही

वर्गात पाऊल टाकलं आणि सगळा वर्ग हसायला लागला.

मी दारात. अंगावर पिवळी साडी, केसांत गजरा, पायात पिवळे मोजे. बाकी सगळे जीन्स-कुर्त्यात. त्या दिवशी कॉलेजात कुठलाही ‘डे’ नव्हता.

मी कोल्हापुरात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. इंग्रजी स्पेशल. कागलजवळच्या गावातून रोज एसटीनं येते. आई कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, लोखंड ओतायच्या एका फाउंड्रीत वाळूचे साचे भरते.

अभ्यासाला चारशे वर्षांपूर्वीचं एक इंग्रजी विनोदी नाटक होतं. जुळी भावंडं, पुरुषाचा वेष घेतलेली मुलगी, एकाला दुसरा समजून जडलेलं प्रेम. मॅडम भूमिका वाटून वर्गात वाचून घ्यायच्या. श्रीमंत मालकीण म्हणजे शर्वरी. ती मॅडमांची लाडकी. वेषांतर केलेली मुलगी म्हणजे शर्वरीची मैत्रीण. मला दोन महिने खलाशी आणि नोकर. एकदा वाचताना मॅडम म्हणाल्या, “तुझ्या इंग्रजीला उसाचा वास येतो गं.” वर्ग हसला. मीही हसले. त्याची लाज आजही वाटते.

मग एका संध्याकाळी मेसेज आला. नंबर अनोळखी, फोटो मॅडमांचा. गॅदरिंगला हे नाटक करायचं ठरलंय, मालकिणीचं काम तुला. उद्या पिवळी साडी आणि पिवळे मोजे घालून ये, त्या काळी तशीच पद्धत होती. कुणाला सांगू नकोस.

मी विचारलं नाही. आमच्याकडं शिक्षकांना ‘खरंच का?’ असं उलटं विचारत नाहीत. पुढचा अंक वाचलेला असता तर कळलं असतं. पण मॅडम अंकाअंकानं झेरॉक्स द्यायच्या आणि लायब्ररीतली एकुलती एक प्रत शर्वरीकडं महिनाभर होती. मी चार वेळा खोडून इंग्रजीत उत्तर लिहिलं: ‘मॅडम, तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. आई खूप खूश आहे.’

आईनं शेजारच्या काकीची साडी मागून आणली. पहिल्या शिफ्टला निघायच्या आधी मला पिना लावल्या.

“साडीवर मोजं कशाला गं?”

“तिकडं तशीच पद्धत हाय.”

“मग घाल की. मॅडम सांगत्यात म्हंजे बरोबरच आसंल.”

आणि आता मी दारात उभी होते. शर्वरी बाकावर चढली. मोबाइल समोर धरून माझं उत्तर वाचलं. माझ्या उच्चारांची नक्कल करत. ‘आई खूप खूश आहे’ दोनदा.

तेवढ्यात मॅडम आल्या. मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी तोंडावर हात धरला. हसू लपेना.

“अगं, हे तर नाटकातलंच! आज आपण तोच प्रवेश वाचणार आहोत.”

झेरॉक्स वाटली. मी उभ्या उभ्या वाचली. मालकिणीच्या घरात एक कारभारी असतो. तिच्या घरचेच लोक तिच्या नावानं खोटं पत्र लिहून त्याला भुलवतात. पिवळे मोजे घालून ये. तो येतो. सगळे हसतात. नंतर त्याला वेडा ठरवून अंधाऱ्या खोलीत कोंडतात. यालाच विनोद म्हणतात.

“चल, कारभाऱ्याचं तूच वाच,” मॅडम म्हणाल्या. “कॉस्च्युम आहेच अंगावर.”

“वाचणार न्हाय.”

माझं मलाच ऐकू आलं. त्या वर्गात मी पहिल्यांदा घरच्या भाषेत बोलले होते.

“स्पोर्टिंगली घे ना. बस खाली.”

“बसणार बी न्हाय. ह्यो नंबर कुणाचा हाय, ते आधी सांगा.”

मी तासभर उभी राहिले. त्याच साडीत एसटीनं घरी गेले.

“कसं झालं गं? मॅडम काय म्हनल्या?” आईनं दारातच विचारलं.

सगळं सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, “मोजं जपून ठेव. लागतील.”

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांकडं लेखी तक्रार दिली. दहा दिवसांनी बोलावणं आलं. खोलीत प्राचार्य, मॅडम, शर्वरी आणि तिचे डॉक्टर वडील. टेबलावर टाइप केलेला कागद तयार. ‘सदर प्रकार गैरसमजातून घडला. माझी काही तक्रार नाही.’

“सही कर, बाळ,” प्राचार्य म्हणाले. “अंतर्गत गुण मॅडमांच्या हातात असतात. तुला वेगळं सांगायला नको.”

“पोरं आहेत,” डॉक्टर म्हणाले. “एवढी थट्टा समजायला पाहिजे.”

मी पिशवीतून मोजे काढले. त्या कागदावर ठेवले.

“पावणं, तुमच्या पोरीला हे घालून त्याच वर्गात उभी करा. मग मी बी हसते.”

मी सही न करता बाहेर आले.

नाटकात माणसं एकमेकांना ओळखत नाहीत, म्हणून गोंधळ होतो. माझ्या वर्गात गैरसमज नव्हताच. त्यांनी मला नीट ओळखलं होतं. हिच्याकडं पुस्तक नाही, ही उलटं विचारणार नाही, हिच्यासाठी कुणी भांडायला येणार नाही. सगळं बघून निवडलं. नाटकाच्या शेवटी बाकीच्यांची लग्नं ठरतात आणि तो कारभारी एकटा निघून जातो. मी निघून जाणार नाही. रोज येते. पहिल्या बाकावर बसते.

माफी पाहिजे. त्याच वर्गात, त्याच तासाला, उभं राहून. शर्वरीची आणि मॅडमांचीही. तोवर तक्रार मागं नाही. तो मेसेज आणि माझं उत्तर, दोन्ही मी पत्रकावर छापलंय. ‘आई खूप खूश आहे’सकट. एक शब्द गाळलेला नाही. सोमवारपासून कॉलेजच्या फाटकावर उभी राहून ते रोज वाचणार आहे. माझ्याच उच्चारात.

गुण कापायचे तर कापा.