हुकाची खांदमळणी

आमच्या दारात मोटार आली तेव्हा कडेगावकडच्या आमच्या गावात दुसरी मोटार नव्हती. मला इतकी ऐट आली होती की पाण्याला जाताना मी मुद्दाम तिला वळसा घालून जायची. लढाई संपल्यावर पलटणीतून सुटून आलेल्या माझ्या नवऱ्याने लष्कराने मोडीत काढलेली ती पिकअप सांगलीहून आणली होती. उघडा हौदा, उडालेला रंग, एक दिवा फुटका. मला मात्र ती देखणी वाटायची.

मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, ती डोळ्यांसमोर नको होती.

"ऊस भरून वढ्याचा चढ चढ आन एक खेप गुऱ्हाळावर नीऊन दाव. न्हाईतर इकून टाक," ते म्हणाले.

"इकली तर म्या परत पलटणीत जातो," हे फटकन बोलून गेले.

लग्नानंतरची वर्षं मी वाट बघण्यात घालवली होती, आता पुन्हा ते नको होतं. त्या दिवसापासून ती मोटार माझीच झाली.

नुसत्या मोटारीत ऊस मावणार किती? म्हणून मागे घरची दोन टायरांची बैलगाडी जोडायची ठरली. तिच्यासाठी दणकट हूक हवा, आणि मागचा पत्रा ती ओढ सोसणार नव्हता. यांनी लोहाराकडून जाडजूड पट्ट्या घडवून आणल्या आणि अंगणात मोटारीखाली उताणे पडून त्या थेट चासीला, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला, बसवल्या. भोकं हातानेच पाडायची होती. मी एकेक बोल्ट हातात देत होते आणि निम्मं गाव कुंपणाशी उभं होतं. शेवटचा नट आवळून हे हुकाला लोंबकळले. मोटार करकरली, हूक तसूभर हलला नाही. मला टाळ्या पिटाव्याशा वाटल्या, पण गावासमोर नुसता पदर सावरला.

ऊस मामंजींनी स्वतः भरला. गाडी भरण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. बैलांच्या मानेवर ओझं येऊ नये म्हणून ते नेहमी भार मागं ठेवत. मोटारीचीही त्यांनी तशीच काळजी घेतली. हे तेव्हा पुढं इंजिनात पाणी ओतत होते.

ओढ्याच्या चढावर मोटार निम्म्यात अडली. मागची चाकं जागच्या जागी गरगर फिरली, माती उडाली.

"बगा! म्या म्हनत नव्हतो?" मामंजी म्हणाले.

मी सासूबाई आणि जावांबरोबर मागून चालत होते. पुढं धावत गेले आणि बघते तर मागच्या भाराने गाडी मागं कलून उलाळत होती आणि हुकासकट मोटारीचं बूड वर उचलत होती.

"आवं मामंजी, भार म्होरं पायजे! मोटारीला मान न्हाई!"

सासऱ्यांपुढे तोवर मी कधी आवाज चढवला नव्हता. उत्तराची वाट न बघता मी गाडीच्या पुढच्या टोकाला उसावर चढून बसले. "या की समद्या!" म्हटल्यावर सासूबाई हसत चढल्या, पाठोपाठ दोन्ही जावा. हूक खाली दबला. यांनी पुन्हा गिअर टाकला, चाकांनी माती धरली आणि हिसका देऊन मोटार चढू लागली. आम्ही किंचाळत होतो, आणि मामंजी मागून पळत ओरडत होते, "हान, हान रं गड्या!" कसला आनंद झाला होता मला!

संध्याकाळी मामंजी वाटीत हळद आणि तेल घेऊन अंगणात आले. बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या, आदल्या दिवशी बैलांचे खांदे मळावेत तसा ते हूक मळू लागले. बेंदूर अजून कितीतरी लांब होता.

"लय वढलं ह्येनं," ते म्हणाले. मग वर न बघता यांना म्हणाले, "रातीचं दंव पडतंय. तुजा त्यो पलटणीचा कोट आन, हुकावर टाकू. तुला आता कशाला लागतोय?"

हे जागचे हलायच्या आत मी कोट आणायला धावले.